मॉरिशसमध्ये एक दिवस प्रायव्हेट गाडी आणि लोकल गाईड: यादी जागांची नको, माणसांची द्या

प्रश्न थोडक्यात असा होता: "आम्ही पाच जण. मी, नवरा, मुलगी १४, मुलगा ९ आणि सासूबाई ७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालतात पण हळू, आणि पक्क्या शाकाहारी. नोव्हेंबरात मॉरिशसला सहा रात्री, हॉटेल फ्लिक एन फ्लॅकला. एक दिवस प्रायव्हेट गाडी आणि तिथलाच गाईड घ्यायचाय. एकजण म्हणतो नॉर्थ, साऊथ, इल ओ सेर्फ सगळं एकाच दिवसात करून देतो, फुल्ली कस्टमाइज्ड. घ्यावं का? आणि कस्टमाइज म्हणजे नेमकं काय काय सांगता येतं?"

ताई, सरळ सांगते, गाडी नक्की घ्या पण तो प्लॅन घेऊ नका. मी डोंबिवलीत बसून गेली चौदा वर्षं मॉरिशसच्या छोट्या फॅमिली ट्रिपा लावते, वर्षातून दोनदा तरी स्वतः जाते, आणि "सगळं एकाच दिवसात" हे ऐकलं की पोटात गोळा येतो कारण पहिल्या वर्षी मीच ते विकलं होतं. पुण्याची फॅमिली होती, सकाळी पोर्ट लुई, मग पाम्प्लमूसचं बोटॅनिकल गार्डन, ग्रां बेला जेवण आणि मग म्हटलं चला आता शामारेल, नकाशात वीतभर तर अंतर. पोर्ट लुईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो ते अडकलोच, शामारेलला पोचलो तेव्हा सात रंगांच्या मातीचं गेट बंद झालेलं. काका काही बोलले नाहीत, नुसते गेटचा फोटो काढून आले. तो फोटो मला अजून आठवतो.

नकाशावर फसायला होतं ते असं. बेट उभं साधारण ६५ किलोमीटर, आडवं ४५, एकूण क्षेत्रफळ साधारण १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साधारण निम्मं. पण मधे पठार आहे, किनाऱ्याचे रस्ते गावागावातून जातात, आणि उत्तर-दक्षिण जाणारा मोठा हायवे पोर्ट लुईतूनच जातो, सकाळी साडेसात ते नऊ आणि दुपारी साडेतीननंतर तिथे आपल्या ठाण्याच्या घोडबंदर रोडची आठवण येते. तुम्ही पश्चिमेला राहताय. तिथून इल ओ सेर्फ या छोट्या बेटाची बोट जिथून सुटते ते त्रू दो दूस पार पूर्वेला, जायलाच दीड तास धरा, मग बोट, मग तिकडे पॅरासेलिंगची रांग, मग परत दीड तास. तो एक पूर्ण दिवस आहे, त्यात दुसरं काही बसत नाही. बसवलं तर प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं मिळतात आणि संध्याकाळी मुलांना विचारलं काय बघितलं तर ती सांगतात गाडी.

म्हणून पहिला नियम, एका दिवसात बेटाची एकच बाजू. तुमच्यासाठी मी डोळे मिटून नैर्ऋत्येचा फेरा घेईन, कारण तुमचं हॉटेल त्याच बाजूला आहे, ट्रॅफिक लागत नाही, आणि डोंगर, देऊळ, धबधबा, समुद्र सगळं एका गोलात येतं. उत्तर (पोर्ट लुई, पाम्प्लमूस, ग्रां बे) वेगळ्या अर्ध्या-पाऊण दिवसाला ठेवा, इल ओ सेर्फ तिसऱ्या दिवशी आणि त्याला गाईडची गरजच नाही, बोटवालाच सगळं बघतो, गाडी फक्त नेण्या-आणण्यापुरती. कसेला हे प्राण्यांचं पार्क तुमच्या हॉटेलपासून अगदी जवळ आहे, मुलांना तिथे सोडलं तर दिवस जातो, त्यासाठीसुद्धा गाईडचा दिवस वाया घालवू नका.

आता कस्टमाइजचं. लोकांना वाटतं कस्टमाइज म्हणजे यादीत भर घालायची, पैसे देतोय तर अजून दोन पॉइंट टाका. उलटं आहे. प्रायव्हेट गाडीचा खरा फायदा काढून टाकण्यात आहे. बसच्या टूरमध्ये रमची डिस्टिलरी असते, सासूबाई तिथे एक तास काय करणार? काढा. मुलाला तासभर कासवं बघायचीयत? बघू द्या. आणि गाईडला जागांची यादी देऊ नका, माणसांची यादी द्या. कोण किती चालू शकतं, कोणाला घाटात गाडी लागते, कोण काय खात नाही, कोणाला दुपारी अर्धा तास डोळा लागल्याशिवाय चालत नाही, कोणाला फोटोचं वेड आहे. चांगला गाईड एवढ्यावर दिवस बांधतो, आणि जो एवढं वाचून "ओके मॅडम नो प्रॉब्लेम, सेम प्रोग्रॅम" म्हणतो तो गाईड नाही, ड्रायव्हर आहे. ड्रायव्हर वाईट नसतो हां, पण पैसे गाईडचे देऊ नका.

तुमचा दिवस मी असा लावला असता. सकाळी आठला निघा, त्याच्या आधी नको, सुट्टीवर आलाय. पहिलं वर चढायचं, क्युरपीपला त्रू ओ सेर्फ, हे झोपलेल्या ज्वालामुखीचं तोंड, आत झाडी भरलेली वाटी आणि कडेने रस्ता, गाडी अगदी काठापर्यंत जाते म्हणून सासूबाईंना चालायचं काम नाही. सगळं बेटच ज्वालामुखीतून आलंय, साधारण ८० लाख वर्षांचं, आणि हे काठावर उभं राहून मुलांना सांगितलं की पुढचा दिवस त्यांना समजतो, उसाच्या शेतात काळ्या दगडांचे ढीग का आहेत ते विचारतात. ते ढीग नक्की दाखवायला सांगा, पिरॅमिडसारखे रचलेले, शेत साफ करताना मजुरांनी हातांनी उचललेले दगड आहेत ते, आणि त्या मजुरांत आपल्याकडची माणसं होती. तिकीट नाही, बोर्ड नाही, बसच्या टूरमध्ये कोणी थांबत नाही. नोव्हेंबरात ऊसतोडणी संपत आलेली असते म्हणून शेतं मोकळी आणि ढीग लांबून दिसतात. आणि त्याच वेळी गुलमोहर फुलायला लागलेला असतो, तिकडे त्याला फ्लांबॉयां म्हणतात.

तिथून गंगा तलाव, ज्याचं फ्रेंच नाव ग्रां बासँ. हेही ज्वालामुखीचंच तळं. १८९० च्या दशकात ट्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं की या तळ्याचं पाणी गंगेचं आहे आणि तेव्हापासून लोक यायला लागले, १९७२ साली खरोखरच गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं. दारात उभी शंकराची १०८ फुटी मूर्ती, २००७ ची, बडोद्याच्या सूरसागर तलावातल्या मूर्तीवरून केलेली, आणि समोर तेवढीच उंच देवी. महाशिवरात्रीला लाखो माणसं पांढरे कपडे घालून कावड घेऊन रात्र-रात्र चालत येतात, त्या आठवड्यात या रस्त्यावर टूरची गाडी काढायचीच नाही, पण तुम्ही नोव्हेंबरात आहात. सासूबाईंना इथे भरपूर वेळ द्या, पाऊण तास तरी. दोन सूचना, फरशी ओली असते आणि चप्पल बाहेर काढावी लागते म्हणून हात धरून न्या, आणि माकडं प्रसाद हातातून ओढतात. खाली बीचवर ऊन असलं तरी इथे धुकं आणि गार वारा असू शकतो, शाल गाडीत ठेवा. क्युरपीपबद्दल तिथले लोक गमतीने म्हणतात की इथे दोनच ऋतू, थोड्या पावसाचा आणि जास्त पावसाचा.

पुढे रस्ता ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्कमधून जातो, १९९४ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, बेटाचं उरलंसुरलं मूळ जंगल यात आहे. व्ह्यू पॉइंटला दरीपलीकडे समुद्र दिसतो, दिसला तर, नाहीतर ढगच. ढग असेल तर दहा मिनिटं थांबा, बरेचदा फाटतो. अननसवाला असतो, अननस उभा सोलून मीठ-मिरची लावून देतो, मुलांचं काम झालं.

मग शामारेल. सात रंगांची माती म्हणजे बसाल्टचा झिजून झालेला चिकणमातीसारखा थर, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडमुळे लाल, तपकिरी, जांभळा, पिवळा असे पट्टे, त्यावर गवत उगवत नाही. आता लोकांची निराशा कुठे होते तर ब्रोशरमधले रंग फोटोत चढवलेले असतात, प्रत्यक्षात छोटीशी कुंपण घातलेली टेकडी आहे, ढगाळ दिवशी तर फारच फिकट. ऊन असलं की रंग उठतात. अपेक्षा थोडी उतरवून जा म्हणजे छान वाटेल. तिथेच मोठी कासवं आहेत, तुमचा नऊ वर्षांचा तिथून हलणार नाही. धबधबा साधारण शंभर मीटरचा, एकाच आवारात, खालच्या कठड्यावरून दिसतो, वरच्या पॉइंटला पायऱ्या आहेत, तिकडे सासूबाईंना नेऊ नका, खालूनही पुरेसा दिसतो. स्वच्छ टॉयलेट इथे आहेत, हे मी मुद्दाम लिहितेय कारण ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही आणि ७१ वर्षांच्या माणसाचा दिवस यावर चालतो.

शामारेलहून काझ नोयालला उतरणारा रस्ता म्हणजे वळणावळणाचा घाट. ज्याला गाडी लागते त्याला जेवणानंतर लगेच या घाटात उतरवू नका. म्हणून जेवण एकतर वर करून तासभर बसा किंवा घाट उतरून खाली करा, मी दुसरं करते. वर फक्त कॉफी, शामारेलची स्वतःची कॉफी होते, नवऱ्याला द्या.

खाली आलात की डावीकडे ल मॉर्न. समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा काळा कडा. इथे गाईड स्थानिक असण्याचा खरा फरक कळतो. पळून आलेले गुलाम या डोंगराच्या कपारीत लपून राहायचे, आणि तिथे सांगतात की १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर आले तेव्हा पकडायलाच आले असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही दंतकथा आहे, पण १ फेब्रुवारीला तिथे सुट्टी असते आणि लोक डोंगराच्या पायथ्याशी जमतात, २००८ मध्ये तो जागतिक वारशात आला. माझ्या ओळखीचा एक गाईड क्रेओल घरातला, म्हणजे त्या गुलामांच्या वंशातला आहे, तो ही गोष्ट सांगताना गाडी थांबवतो, चालवता चालवता सांगत नाही. दुसरे बरेचजण "दिस इज ल मॉर्न, गुड फोटो" म्हणून पुढे जातात. कडा चढायचा ट्रेक आहे पण तो पहाटे करायचा आणि तुमच्या ग्रुपचा नाही.

पाण्याखालचा धबधबा! हे विचाराल म्हणून आधीच लिहिते, सगळे विचारतात. तो धबधबा नाही, ल मॉर्नजवळ वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे ओढला जातो त्याची नक्षी आहे, आणि ती फक्त वरून दिसते, हेलिकॉप्टर किंवा सी-प्लेनमधून. गाडीतून किंवा बोटीतून दाखवतो म्हणणारा खोटं बोलतोय.

ल मॉर्नच्या बीचवर दोन तास ठेवा. यादीतली शेवटची जागा म्हणून नको, दिवसाचा मोठा भाग म्हणून ठेवा. मुलं पाण्यात, सासूबाई फिलाओच्या झाडाखाली खुर्चीवर (आपल्या सुरूसारखं झाड), तुम्ही नुसत्या पडून. पाण्यात रबरी शूज घालूनच, प्रवाळाचे तुकडे आणि समुद्री साळू असतात. पश्चिम किनारा असल्याने सूर्य समोर बुडतो, नोव्हेंबरात साडेसहाच्या आसपास, पण तो तुम्ही वाटेत टॅमरिनला किंवा हॉटेलवर परत येऊनही बघू शकता. रविवार असेल तर बीचवर तिथल्याच फॅमिली मोठमोठी पातेली घेऊन आलेल्या असतात, बिर्याणी, गाणी, रावान नावाचा ढोल आणि सेगा नाच, हॉटेलच्या सेगा शोपेक्षा हे शंभरपट भारी. म्हणून शक्य असेल तर फेरा रविवारी ठेवा, रस्ते पण मोकळे. फक्त पोर्ट लुई रविवारी करू नका, आप्रवासी घाट बंद असतो.

आप्रवासी घाटाचा विषय निघालाच आहे तर उत्तरेच्या दिवशी तो सोडू नका, लोक मॉलसाठी पोर्ट लुईला जातात आणि शेजारचं हे बघतच नाहीत. २ नोव्हेंबर १८३४ ला करारावरचे पहिले मजूर तिथे आले, पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या बंदरातून गेली, सोळा दगडी पायऱ्या आहेत त्यांच्या आठवणीच्या, २००६ पासून जागतिक वारसा. तुम्ही नोव्हेंबरातच जाताय, २ तारीख सापडली तर समारंभ असतो. बहुतेक मजूर बिहारकडचे पण मुंबई बंदरातून कोकणातले मराठी लोकही गेले, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे आहेत, मराठी भाषा शाळेत शिकवतात, गणपतीची सरकारी सुट्टी असते, गणपतीत झाकरी करतात, आपल्या रत्नागिरीकडची जाखडी तीच. घरात मात्र क्रेओल (तिथली फ्रेंचमधून आलेली बोली) बोलतात, तेव्हा मराठी आडनावाचा गाईड मिळाला म्हणून धाडधाड मराठी सुरू करू नका, बिचारा लाजतो. दोन-चार शब्द, एखादी आरती, एवढं बऱ्याच जणांना येतं. मला एकदा असा गाईड मिळाला, "सुखकर्ता" पूर्ण म्हटली त्याने, आणि मग इंग्रजीत विचारलं की याचा अर्थ काय. गाडीतल्या तीन आज्यांनी मिळून त्याला शामारेलपर्यंत अर्थ सांगितला, व्ह्यू पॉइंट राहूनच गेला, कोणाचीच तक्रार नव्हती.

भाषेची चिंता करू नका, बहुतेक गाईडना इंग्रजी येतं, घरात भोजपुरी असलेल्यांना हिंदी बऱ्यापैकी कळते. सासूबाईंसाठी हिंदी बोलणारा मागा, मागितला की मिळतो. तुम्ही "बोंझूर" आणि "की मान्येर?" (कसं काय) एवढं म्हणा, माणूस खुलतो.

खाण्याचं. दुपारी टूरिस्ट रेस्टॉरंटचं बफे असतं, गाईडला तिथे फुकट जेवण मिळतं म्हणून तो तिथे नेतो, त्यात गैर काही नाही पण सासूबाईंना तिथे भात, सलाड आणि कसलीतरी बीन्स मिळतील. त्याऐवजी त्याला सांगा, ढोल पुरी कुठे खातोस तू स्वतः, तिथे ने. ही आपल्या पुरणपोळीची न गोड केलेली बहीण समजा, आत शिजवून वाटलेली चण्याची डाळ, पातळ लाटलेली, आणि वर पांढऱ्या घेवड्याची भाजी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा दाट रस्सा आणि चटणी घालून गुंडाळून देतात. एकावर एक दोन येतात, "एन पेर" म्हणजे एक जोडी. हातगाडीवर किंवा छोट्या दुकानात, बहुतेकदा दुपारपर्यंत संपते म्हणून उशीर करू नका. सोबत गातो पिमां म्हणजे डाळवडाच, आणि आलुदा म्हणजे सब्जाचं बी घातलेलं थंड दूध. शाकाहारीला यापेक्षा काय हवं. फक्त करीमध्ये मासे किंवा मटण नाही ना ते गाईडकरवी विचारून घ्या, "भाजीचं" म्हटल्यावर वरून मटणाचा रस घालणारे भेटलेत मला.

आता पैशाचं आणि अटींचं, इथे नीट वाचा. गाडीचा दर गाडीचा असतो, माणशी नाही, तुम्ही पाच आहात म्हणून पाचाने गुणणाऱ्याला विचारा का. मॉरिशसचा रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांना पडतो, तेव्हा "रुपीज" म्हणाला तर कुठले ते लिहून घ्या, यावरून भांडणं झालेली बघितलीत. दिवस किती तासांचा, आठ की नऊ, हॉटेलपासून मोजणार का, जास्त झाले तर तासाला किती. प्रवेश तिकिटं आत की बाहेर (बहुतेक बाहेर). गाडी कुठली, सात सीटर घ्या पण सासूबाईंना चढायला उंच पायरी नको, हे फोटो मागून बघा. गाईडकडे टूरिझम ऑथॉरिटीचं लायसन्स आहे का, असेल तर तो कार्ड दाखवायला लाजत नाही. बोटीचं काही असेल तर बोटवाल्याचंही लायसन्स असतं, लाईफ जॅकेट घातल्याशिवाय मुलांना बसवू नका, मग शेजारच्या बोटीतली सगळी बिनजॅकेटची दिसोत. आणि बुकिंग ज्याच्याकडे करताय तोच येणार की त्याचा भाऊ, हे. मला एकदा एका ऑपरेटरने ठरवलेल्या गाईडऐवजी असा मुलगा पाठवला की त्याला गंगा तलावचा रस्ता मीच सांगत होते.

दुकानांचं वेगळं लिहिते. ड्युटी फ्री दागिने, लाकडी जहाजांचे कारखाने, कॅशमिअर लोकरीचे कपडे, हे क्युरपीपच्या आसपास खूप, आणि गाडी तिकडे वळली की समजा कमिशन आहे. जहाजं खरंच सुंदर असतात, बघायची असतील तर बघा, पण "फक्त पाच मिनिटं" मधे तुमचा बीचचा वेळ जातो. निघायच्या आदल्या दिवशी मेसेज करा, दुकान नको, त्याचे पैसे आम्ही तुला टिप म्हणून देऊ. मी हेच करते आणि एकदाही कोणी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांचंही पोट आहे, दर खूप पाडून घेतलात तर तो दुकानात नेणारच, म्हणून अगदी कमी कोटेशन आलं की मी सावध होते.

हवामान बघून दिवस बदलायची मोकळीक मागा, हे कस्टमाइजमधलं सगळ्यात महत्त्वाचं आणि हे कोणीच मागत नाही. पठारावर पाऊस आणि किनाऱ्यावर लख्ख ऊन, एकाच वेळी, रोजचं आहे. तुम्ही सहा रात्री आहात, तेव्हा "पहिला फेरा मंगळवार, पण पाऊस असेल तर गुरुवार" असं आधीच ठरवा. गाईडला सकाळी सहाला वरचं आकाश कसं आहे विचारा, बहुतेक जण पठारावरच्या गावांतच राहतात, खिडकीतून बघून सांगतात. पाऊस असेल तर फेरा उलटा करा, आधी ल मॉर्न, मग वर. जून ते सप्टेंबर गेलात तर आग्नेयेचा वारा पूर्वेला झोडपतो, म्हणून तेव्हा इल ओ सेर्फ गार आणि खवळलेलं, नोव्हेंबरात तो त्रास कमी. चक्रीवादळाचा खरा काळ जानेवारी ते मार्च, तेव्हा क्लास एक ते चार असे इशारे असतात आणि तीनला सगळं बंद होतं, तुमची तारीख त्याआधीची आहे.

डॉल्फिन कोणीतरी गळ्यात मारेल, टॅमरिनहून पहाटे बोट निघते. डॉल्फिन दिसतात, खोटं नाही, पण दहा-बारा बोटी त्यांच्या मागे धावतात ते मला बघवत नाही. मी सुचवत नाही, घ्यायचंच तर ज्याने अंतर ठेवतो म्हणून आधी सांगितलंय तो घ्या.

दक्षिणेला ग्री ग्री, सुयाक, हेही सुंदर, तिथे प्रवाळाची भिंत तुटते म्हणून लाटा थेट कड्यावर आपटतात, पोहायचं नाही. पण तुमच्या एका दिवसात ते घालू नका, पुढच्या वेळी माहेबूरकडे राहिलात तर करा (नाव ऐकून माहेर आठवतं, मला दरवेळी). तिकडच्या गाईडला २०२० च्या तेलगळतीबद्दल विचारा, वाकाशियो नावाचं जहाज प्रवाळावर चढलं तेव्हा गावातल्या लोकांनी उसाच्या पाचोळ्याचे लांबलचक रोल शिवून समुद्रात टाकले तेल अडवायला. ज्यांनी शिवले ते आज टूर दाखवतात, त्यांच्याकडून ऐका.

तुमच्या त्या माणसाला असा मेसेज टाका, इंग्रजीत करून: "आम्ही पाच, आजींचा गुडघा, पायऱ्या दहाच्या वर नको, मुलगा ९, घाटात गाडी लागते, आजी शाकाहारी आणि हिंदी बोलतात. फ्लिक एन फ्लॅकहून आठला, त्रू ओ सेर्फ, गंगा तलाव पाऊण तास, गॉर्ज, शामारेल, ढोल पुरी, ल मॉर्नला दोन तास. दुकान नको. पाऊस असेल तर दिवस बदलू. याचे किती, आणि तू यातून काय काढशील?" शेवटचा प्रश्न मुद्दाम. जो म्हणेल काही नको काढायला, अजून दोन जागा घालतो, त्याला सोडा. जो म्हणेल मॅडम, गॉर्ज ठेवू पण ढग असेल तर न थांबता पुढे जाऊ आणि आजींसाठी ढोल पुरी गाडीतच आणून देतो, त्याला ॲडव्हान्स पाठवा.

आणि सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा, मागे नाही. घाटात त्यांनाही बरं, गाईडशी गप्पा पण होतात, आणि मुलांची भांडणं मागे राहतात.